रोझीबाईंची लावणी

मुळशीला माणसं जातात ती धरण बघायला, भाजलेलं कणीस खायला आणि भिजून परत यायला. मी गेले ती एका कार्डासाठी. पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्यावर जास्तीत जास्त चाळीस शब्द, प्रदर्शनातली वस्तू क्रमांक नऊ. त्या चाळीस शब्दांसाठी तीन दिवस लागले, एक चप्पल चिखलात राहिली आणि इतकी वर्षं जे मी खरं मानत होते त्यातलं बरंच खोडावं लागलं. तिकडे न गेलेल्यांसाठी हे लिहून ठेवते. भजी कुठे चांगली मिळतात ही माहिती यात नाही, ते आधीच सांगते.

रोझीबाईंचा कपडेपट मी एकोणीस वर्षं सांभाळला. कार्यक्रमाआधी यादी करायची, ट्रंक भरायची. कार्यक्रमानंतर यादीवर खुणा करायच्या, ट्रंक पुन्हा भरायची. जाताना बाई सातही ट्रंका माझ्या नावावर ठेवून गेल्या. चाळिशीच्या पुढच्यांना रोझी कोण ते सांगावं लागणार नाही. धाकट्यांसाठी थोडक्यात: ऑर्केस्ट्रातून वर आल्या, कॅसेटवरून घराघरांत पोचल्या, मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकल्या, मधली दहा वर्षं लोक त्यांना विसरले, मग रिमिक्सवाल्यांनी पुन्हा शोधून काढल्या, आणि गेल्या वर्षी त्या गेल्या.

त्यांचा प्रवेश प्रसिद्ध होता. विंगेतून त्या प्रेक्षकांकडे पाठ करून यायच्या. कमरेत वाकलेल्या, डोक्यावरून खाली कमरेपर्यंत चंदेरी टिकल्यांची केप, आणि उलटी पावलं. बरोबर सात पावलं मागे. चेहरा कुणालाच दिसायचा नाही. मग एकदम ताठ होऊन वळायच्या आणि 'मागा मागा हे' सुरू व्हायचं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुली तस्साच प्रवेश करायच्या, बाजारपेठेतले शिंपी 'रोझी केप' शिवून द्यायचे. मागा मागा म्हणजे काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमचा ड्रमर छातीठोकपणे सांगायचा, आफ्रिकन भाषा आहे. बाईंना विचारलं की त्या हसायच्या आणि विड्याचं पान तोंडात टाकायच्या, म्हणजे विषय संपला.

यंदा पुण्यात पाच गायिकांच्या पोशाखांचं प्रदर्शन ठरलं. भरवणारा आशुतोष हुशार, कामसू, परदेशी शिकलेला. त्याने नवव्या वस्तूचं कार्ड तयार करून पाठवलं: 'पॅरिसच्या फॅशनवरून घेतलेली केप. लावणीच्या फडावर वाढलेल्या मुलीची जागतिक फॅशनशी पहिली भेट.' फडाची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. बाईंच्या पहिल्या मुलाखतीपासून प्रत्येक लेखात ती होती, मलाही त्यात शंका नव्हती. पॅरिसबद्दल मात्र होती, कारण ती केप माझ्या वेळेच्या आधीची. मी दुरुस्तीसाठी अस्तर उसवलं. आत बांबूच्या काड्यांचा सांगाडा निघाला, पानांचा चुरा निघाला, आणि वाखाच्या दोरीच्या गाठी. एकूण एक गाठ उलटी मारलेली, डावखुऱ्या हाताची. अस्तराच्या काठावर निळा शिक्का होता, त्यात चंद्रकोर आणि एक शब्द: पौड.

मी आशुतोषला कळवलं, कार्ड छापू नकोस. आणि यादी करायला बसले.

पहिला दिवस: पौड

मी पुण्याजवळ सूसला राहते. यादी: रेनकोट, दोन वह्या, पेन्सिली (पेन पावसात दगा देतं), टॉर्च, मलम, केपचे आणि गाठींचे फोटो, अस्तराचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत. गमबूट यादीत नव्हते. पंचवीस वर्षं लोकांच्या ट्रंका भरणाऱ्या बाईकडून ही चूक झाली, हे मी इथे मुद्दाम नोंदवते.

लवळ्यावरून पिरंगुट, उरवड्याच्या कारखान्यांच्या बसगाड्यांच्या मागे मागे, मग पौड. जुलैचा मध्य. डोंगरांवरून ढग इतके खाली आलेले की गावाला वरचा मजलाच नव्हता. पहिल्या दोन कापड दुकानांत शिक्का कुणी ओळखला नाही. तिसरं दुकान अर्धं कापडाचं, अर्धं शिलाईचं. मशीनवर पंचेचाळिशीची एक बाई ब्लाऊजला हुक लावत होती. तिचं नाव शबाना. तिनं अस्तर उजेडात धरलं आणि उठून गल्ल्याखालून एक रबरी शिक्का काढला.

"वही द्या, ताई."

माझ्या वहीवर तिनं तो दाबला. चंद्रकोरीचं खालचं टोक तुटलेलं. अस्तरावरही तुटलेलंच.

"सासऱ्यांचा. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "आता विचारा."

"हे मांजरपाट त्या काळी कोण न्यायचं, काही सांगता येईल?"

"अस्तराच्या आडून कशाला येताय? रोझीचं विचारायचंय ना?"

मी पिशवी मिटली. "तुम्हाला कसं कळलं?"

"पिशवीतले फोटो बाहेर डोकावतायत. त्या केपला पौडात कोण ओळखत नाही? माझ्या सासूनं अशा कितीतरी शिवल्या. शिवताना हसायची. म्हणायची, शहाण्यांनो, हौसाचं इरलं अंगात घालून नाचताय."

इरलं म्हणजे काय ते पुणेकरांसाठी सांगते. भातशेतात पावसात काम करणाऱ्या बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते पानांचं आच्छादन. बांबूच्या सांगाड्यावर पानं बसवलेली, उलट्या होडीसारखं. हात मोकळे राहतात, पाठ कोरडी राहते. मी पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं, बाईंच्या डोक्यावर पाचशे वेळा पाहिलं होतं, आणि दोन्ही एकच आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"हौसा कोण?"

"तुमची रोझी. तिची धाकटी बहीण ठकूमावशी अजून आहे, धरणाच्या पलीकडच्या वाडीवर. ब्लाऊज माझ्याकडेच शिवते. पण ताई, हौसाचं नाव तिथे कुणी घेत नाही. पन्नास वर्षं झाली."

"का?"

"ते तीच सांगेल. मी उद्या दुकान बंद ठेवते. तुम्हाला एकटीला वाटही सापडायची नाही आणि बोलणंही झेपायचं नाही."

मी तिच्याकडेच उतरले. रिसॉर्टांना शनिवार-रविवारची गर्दी होती, आणि मला गर्दीत यादी करता येत नाही. जेवायला मसुराची आमटी, तांदळाची भाकरी, वाळलेल्या बोंबलाची चटणी. आमच्या सोसायटीत शेजारणीकडे जायचं तर आधी फोन, मग दारावरच्या वहीत नाव, वेळ, कारण. इथे मी शबानाच्या घरात शिरून चहा संपायच्या आत तीन शेजारणींनी कारण विचारून घेतलं होतं. तिघींनाही शबानानं एकच उत्तर दिलं, "ब्लाऊजचं माप द्यायला आल्यात." पुण्याहून पौडला ब्लाऊजसाठी! तिघींनी माझ्या ब्लाऊजकडे बघितलं आणि त्यांना ते पटलं.

दुसरा दिवस: वाडी

धरणाच्या पाण्याकाठून रस्ता जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतारावर पायऱ्यांसारखी खाचरं, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे. वाडीच्या अलीकडे रस्ता संपला, गाडी एका मांडवात लावली आणि पुढे पायवाट. माझी उजवी चप्पल इथे गेली. शबानानं मागे वळूनही न बघता दुसरीही काढायला सांगितली. "एका चपलेनं चाललात तर लोकांना वाटेल नवस आहे."

ठकूमावशी दुपारची भाकरी खायला घरी आली होती. सत्तरीची, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल. ओटीवर आम्हाला कोरा चहा मिळाला, गुळाचा, चांगला कडक. दूध होतं, पण पाहुण्याला दुधाचा चहा दिला की पाहुणा बसतो, आणि लावणीच्या दिवसात बसलेला पाहुणा परवडत नाही, असं तिनं तोंडावरच सांगितलं.

मी वही काढली. प्रश्न क्रमानं लिहून नेले होते.

"मावशी, हौसाबाई इथे असताना लावणी करायच्या?"

हौसाचं नाव ऐकून तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. शबानाकडे बघितलं. शबाना म्हणाली, "सांग. ह्या तिच्याकडेच कामाला होत्या."

"करायची की," ठकूमावशी म्हणाली. "तिच्यावानी लावणी सगळ्या वाडीत कुनाची न्हाई. बोटं अशी चालायची, बगत ऱ्हावं."

मी लिहिलं: हातांच्या मुद्रा उत्तम.

"कुठे करायच्या?"

"हितंच. खालच्या खाचरात."

"खाचरात? पावसात?"

"मग काय उन्हात करत्यात?"

"आणि बघायला किती माणसं असायची?"

"बगायला?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "बगायला येळ कुनाला हाय? समद्याच वाकलेल्या."

"बरं, ढोलकीला कोण असायचं?"

ठकूमावशी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच शबानाला म्हणाली, "ह्या बाईला ताप हाय का गं?"

शबाना ओटीच्या खांबाला धरून हसत होती. तिला बोलता येईना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "ताई, भाताची. भाताची लावणी!"

भातलावणी हा शब्द मला चौथीच्या भूगोलापासून माहीत आहे. पण रोझीबाईंच्या नावाशेजारी लावणी लिहिली की ढोलकी ऐकू यायची, इतकी ती गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसलेली. मी वहीतला 'मुद्रा' हा शब्द खोडला. तेवढ्यानं काय होणार होतं? एवढी वर्षं जे लेख मी कापून फायलीत लावले त्यांत तो कितीदा आला असेल.

फोनवरचे गाठींचे फोटो मी तिला दाखवले. तिनं बोटांनी हवेत गाठ मारून बघितली. डाव्या हातानं.

"ही माजी हाय," ती म्हणाली. "ह्या वाडीत डावखुरी मीच. आय मारायची, डाव्या हातानं जेवते म्हून. गाठ मातूर डावीच ऱ्हायली." मग म्हणाली, "तिनं जपून ठिवलं व्हय?"

"वरून टिकल्या लावल्या. आत सगळं तसंच आहे."

ती उठली. ताटावर ताट झाकलं. "चला. बसून काय कळायचं न्हाई तुला."

खालच्या खाचरात सहा बायका होत्या. आम्ही वरच्या बांधावरून उतरत होतो, म्हणून मला आधी दिसल्या त्या पाठी. सहा वाकलेल्या पाठी, सहा इरली. आता पानांच्या जागी निळा प्लास्टिकचा कागद असतो, सांगाडा तोच. एका ओळीत, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं रोप चिखलात, आणि एक पाऊल मागे. पुन्हा रोप, पुन्हा पाऊल मागे. पुढे लावलेलं पायाखाली येऊ नये म्हणून लावणी अशी मागे सरकतच करतात. ओळीच्या टोकाची बाई मधूनच आवाज देत होती, सगळ्यांनी एकदम सरकावं म्हणून:

"मागं… मागं… हेऽ!"

मी बांधावर खाली बसले. बसले म्हणजे घसरले, पण उठायचं सुचलं नाही.

तिसरा दिवस: खालचं खाचर

ठकूमावशीची अट होती: बोलायचं असेल तर खाचरात उतरायचं. बांधावर कोरडं उभं राहून विचारणाऱ्याला वाडीत मुकादम म्हणतात आणि त्याला कुणी खरं सांगत नाही. शबानानं सलवार खोचली. मी साडी वर खोचून उतरले आणि दहाव्या मिनिटाला पाठीवर पडले. सहाही बायका थांबून बघायला लागल्या.

"पुण्याचं बी न्हाई रुजायचं हितं," एक म्हणाली.

"खोल लावलं तर रुजंल," दुसरी म्हणाली.

वही कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत होती, कोरडी राहिली. त्यानंतर मी पडले नाही. माझी ओळ वाकडी गेली आणि ठकूमावशीनं मागून येऊन ती सगळी उपटून पुन्हा लावली. ते करताकरताच, मान वर न करता, ती बोलली.

हौसा एकोणीस वर्षांची असताना मामाकडे पुण्याला गेली. गणपतीत एका ऑर्केस्ट्रात गायली, तिथेच राहिली. पहिल्यांदा पेपरवाला भेटायला आला, त्यानं विचारलं, याआधी काय करत होतात? ती म्हणाली, लावणी करत होते, मुळशीला. त्यानं छापलं, लावणीच्या फडावरून आलेली पोरगी. पौडच्या स्टँडवर कुणीतरी तो पेपर मोठ्यानं वाचला, ऐकणाऱ्यांत बाप होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण फड हा शब्द बरोबर ऐकू आला.

"बा घरी आला आन् म्हनला, फडावरची पोरगी माजी न्हाई. तिचं नाव काडायचं न्हाई. संपलं."

"त्यांना कुणी सांगितलं नाही, की भाताची लावणी म्हणून?"

"मी सांगितलं. आयनं सांगितलं. त्यो म्हनला, गावानं ऐकलं त्ये ऐकलं." तिनं एक रोप दाबलं. "पुढल्या लावणीला ती आली. हितं, ह्या बांधावर हुबी ऱ्हायली, पुण्याची साडी नेसून. बा चिखलणी करत व्हता, बैलं घेऊन. त्यानं तिच्याकडं पाठ केली आन् औत तिकडच्या बाजूला नेलं. तिनं साडी खोचली, माज्या डोक्यावरचं इरलं काडून घेतलं, आन् हे आख्खं खाचर एकटीनं लावलं. घराकडं पाठ करून. येकदा बी वळली न्हाई. मग इरलं तसंच डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली. मी भिजत घरी आले."

पाऊस जोरात आला. कुणी थांबलं नाही, ओळ मागे सरकली, आम्हीही सरकलो.

माझा एक प्रश्न उरला होता. "पण त्यांनी पेपरात खुलासा का नाही केला? पुढे एवढं नाव झालं. एका वाक्याचं काम होतं."

"मी बी तेच म्हनलं. नंतर येकदा शबानाच्या सासूच्या दुकानात भेटली मला, चोरून. मी म्हनलं, आक्का, सांग ना त्यांना, चुकीचं छापलंय म्हून. लई भडकली. म्हनली, ठके, पुण्यात पैल्या वर्सी मला निजायला जागा कुनी दिली? फडावरच्या बायांनी. त्यांच्या ताटात जेवले. आता मी पेपरात छापू, की मी तसली न्हवं? मंजे त्या कसल्या?" ठकूमावशीनं पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, पावसाचंच असावं. "घर गेलं तिचं, पन त्या बायांस्नी पाठ न्हाई दाखवली."

शबानानं पुढची जुडी माझ्या हातात दिली.

"मग कार्डावर काय लिहू मी?" मी विचारलं. "फड लिहिलं तर खोटं. फड नाही लिहिलं तर खुलासा."

"खुलासा नगं. खुलासा चोरानं करावा. तिचं नाव हौसा, त्ये लिव. इरल्याला इरलं म्हन. केलं त्ये लिव. आन् फडावर नाचली असती तरी माजी बहीनच असती, त्ये बी कळूं दे त्या तुज्या पुनेवाल्यांस्नी." मग पुन्हा वाकली. "गावानं ऐकलं त्ये ऐकलं म्हनला ना बा? आता मोठ्यानं लिव. ऐकूं दे गावाला."

संध्याकाळच्या आत परत निघायचं होतं. निघताना तिनं खेकड्याचं कालवण आणि भाकरी पुढ्यात ठेवली, आणि यावेळी चहात दूध घातलं. मी ते वहीत लिहिलं.

फोनला रेंज मिळाली ती धरणाच्या भिंतीजवळ. आशुतोषला लावला. मागे पर्यटक छत्र्या उलट्या करून घेत होते.

"काकू, अमेझिंग आहे हे," सगळं ऐकून तो म्हणाला. "पण इन्व्हिटेशन गेलंय ना. 'फडापासून फॅशनपर्यंत.' आणि खरं सांगू? लावणीत ग्लॅमर आहे. भातात काय स्टोरी आहे? भात इज… भात."

"तू दुपारी काय खाल्लंस?"

"काकू, तसं नाही. पब्लिकला कनेक्ट व्हायला पाहिजे. आपण खाली छोटं लिहू, काही जणांच्या मते वगैरे."

"आशुतोष, ट्रंकांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?"

"तुमच्याकडे."

"ट्रंका किती?"

"सात."

"उद्घाटनाला दिवस किती?"

"नऊ," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही लिहा कार्ड."

"आणि पुतळा वाकलेला लागेल. पाठ प्रेक्षकांकडे."

"चेहरा भिंतीकडे? काकू, लोक फोटो कसे काढणार?"

"पाठीचे काढतील. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलंय."

शबाना शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ताई, तुमचं माप मी पहिल्याच दिवशी घेतलं होतं. बरोबर निघालं."

पुणे

दुकानातला पुतळा कमरेत वाकत नाही. सुताराकडून तो कापून तिरका बसवून घेतला. केप आशुतोषनं गळ्यापाशी बांधली होती, ती मी सोडवली आणि इरलं डोक्यावर ठेवलं. निमंत्रणं परत घेता येत नव्हती. दारावरची पाटी बदलता येत होती, ती बदलली. कार्ड मी सात वेळा लिहिलं. शेवटी हे छापलं:

'इरलं. बांबू, पळसाची पानं, वाख. बांधणारी: ठकूबाई, मुळशी. वापरणारी: तिची बहीण हौसा, म्हणजेच रोझी. वरच्या टिकल्या हौसाच्या. हौसानं भाताची लावणी केली. फडावरची केली असती, तर तीही इथे याच अक्षरात लिहिली असती.'

एकतीस शब्द. नऊ शिल्लक राहिले, ते तसेच सोडले.

उद्घाटनाला शबाना ठकूमावशीला घेऊन आली. नऊवारी, नवा ब्लाऊज, पायात शबानाच्या वहाणा. तिनं मला कार्ड तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा 'हौसा' हा शब्द कुठे आहे ते बोटानं दाखवायला सांगितलं आणि काचेवर त्या जागी आपलं बोट टेकवलं. काचेवर ठसा राहिला. पुसायला आलेल्या माणसाला मी परत पाठवलं.

दालनात गर्दी बरीच होती. सगळे पुतळ्याला वळसा घालून चेहरा शोधत होते आणि भिंत लागली की परत फिरत होते. पेपरातला एक गृहस्थ कार्ड वाचून ठकूमावशीजवळ आला. आवाज खाली आणून, अगदी तिची बाजू घेतल्यासारखा म्हणाला, "आजी, म्हणजे त्या लावणीवाल्या नव्हत्याच तर! उगाच बदनामी झाली त्यांची."

मी पुढे होणार होते. गरज पडली नाही.

"कोन म्हनतं नव्हती?" ठकूमावशी म्हणाली, आणि आवाज खाचरातला होता. "व्हती की लावणीवाली. लई भारी व्हती. आन् बदनामी कसली रं? बगायचीय का लावणी तुला?"

तिनं शबानाच्या वहाणा काढून बाजूला सारल्या. नऊवारी खोचली. त्या गृहस्थाकडे, आशुतोषकडे, सरबताचे पेले धरलेल्या सगळ्या पाहुण्यांकडे पाठ केली, कमरेत वाकली, आणि चकचकीत फरशीवर डाव्या हातानं पहिलं रोप लावलं. एक पाऊल मागे.

"मागं!" ती ओरडली. मागे उभे असलेले लोक दचकून सरकले.

दुसरं रोप. "मागं!"

आशुतोष सरकला. पेपरवाले गृहस्थ सरकले. सातव्या पावलाला अख्खं दालन भिंतीला टेकलं होतं, आणि कुणालाच तिचा चेहरा दिसत नव्हता. मीही सरकले.